निरीक्षक की प्रेक्षक? स्थानिक निवडणुकांतील मतखरेदी आणि देखरेखीच्या मर्यादा

1. प्रस्तावना

उत्तर प्रदेशातील निवडणूक आदेशांत ज्या अधिकाऱ्याला 'प्रेक्षक' म्हणतात, त्यालाच महाराष्ट्रात 'निवडणूक निरीक्षक' म्हणतात. वाराणसीत महानगरपालिकेची किंवा पंचायतीची निवडणूक लागली की राज्य निर्वाचन आयोगाचे प्रेक्षक जिल्ह्यात दाखल होतात. हिंदी वाचकाला त्यात काही खटकत नाही. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र नाट्यगृहात तिकीट काढून बसलेला माणूस येतो. प्रयोग बघायचा, आवडला तर टाळी द्यायची, पण रंगमंचावर पाऊल टाकायचे नाही, हा प्रेक्षकाचा धर्म. निरीक्षकाकडून आपली अपेक्षा वेगळी असते. त्याने पाहावे, पारखावे आणि चूक दिसली तर थांबवावे.

या टिपणाचा प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे. स्थानिक निवडणुकांत पैसे देऊन मते घेतली जाऊ नयेत यासाठी नेमलेला अधिकारी प्रत्यक्षात निरीक्षक असतो की प्रेक्षक? पाठ्यपुस्तकांत निरीक्षकांच्या कर्तव्यांची यादी असते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. ती यादी चुकीची नाही, पण एक गोष्ट तिच्यात येत नाही. निरीक्षकाची पद्धत लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांसाठी घडली. तेथे उमेदवार प्रचाराच्या काळात मतदाराला पैसे देतो असे गृहीत धरलेले आहे. गावात, प्रभागात आणि जिल्हा पंचायतीत व्यवहार अनेकदा वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसांमध्ये आणि वेगळ्या नावाने होतो. म्हणून तीच पद्धत तेथे तोकडी पडते. हे मत महाराष्ट्रातील दोन गावे, वाराणसी जिल्हा आणि मुंबईविषयीचे दोन अभ्यास यांच्या आधारे तपासून पाहू.

2. कायद्याच्या दृष्टीने मतखरेदी

बोलीभाषेत मतखरेदीला बरेच शब्द आहेत. मतदानाच्या आदल्या रात्रीचे 'लक्ष्मीदर्शन', 'पाकीट', जेवणावळी, देवदर्शनाच्या सहली. कायद्याची भाषा याहून रुक्ष आहे, पण तिचा आवाका मोठा आहे.

भारतीय दंड संहितेच्या कलम 171-ब मध्ये निवडणुकीतील लाचेची व्याख्या होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 170 मध्ये आहे. या व्याख्येतील तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट अशी की लाच देणारा आणि घेणारा दोघेही दोषी ठरतात. म्हणूनच तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. ज्याला व्यवहार माहीत असतो तो बहुधा त्यात सामील असतो.

दुसरी गोष्ट 'निवडणूकविषयक हक्क' या संज्ञेची. मत देणे किंवा न देणे एवढाच तिचा अर्थ नाही. उमेदवार म्हणून उभे राहणे, उभे न राहणे आणि उमेदवारी मागे घेणे हेही तिच्यात येते. म्हणजे एखाद्याने माघार घ्यावी म्हणून दिलेला पैसाही लाचच आहे. देखरेखीची चर्चा करताना हा भाग सहसा विसरला जातो. पुढच्या विवेचनाचा बराचसा भार त्यावर आहे.

तिसरी गोष्ट अपवादाची. सार्वजनिक धोरण जाहीर करणे किंवा सार्वजनिक कामाचे आश्वासन देणे ही लाच ठरत नाही. रस्ता करून देतो असे सांगणे गुन्हा नाही. रस्ता कोणाला आणि कोणत्या अटीवर, हा प्रश्न कायदा मोकळाच ठेवतो.

केंद्रीय कायद्यानुसार या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षाचा कारावास आहे आणि नुसत्या खाण्यापिण्याच्या मेजवानीसाठी फक्त दंड. गुन्हा अदखलपात्र असल्याने न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. रात्री अकरा वाजता गल्लीत पाकिटे वाटली जात असताना ही अट किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

3. निरीक्षक कोठून येतो?

भारत निवडणूक आयोगाच्या निरीक्षकांना 1996 च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये स्थान मिळाले. कलम 20-ब नुसार आयोग सरकारी अधिकाऱ्याला निरीक्षक नेमू शकतो. मतदान केंद्र बळकावले गेले किंवा मतपत्रिका नष्ट झाल्या, तर मतमोजणी थांबवण्याचे किंवा निकाल जाहीर न करण्याचे निर्देश तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला देऊ शकतो. येथे पैशाचा उल्लेख नाही. दंडेलीविरुद्ध निरीक्षकाला हुकुमाचा अधिकार मिळाला, थैलीविरुद्ध मिळाला नाही. पैशाच्या बाबतीत तो अहवाल लिहितो आणि निर्णय आयोग घेतो.

पैशावरची देखरेख पुढे प्रशासकीय सूचनांमधून वाढली. 2010 च्या बिहार विधानसभा निवडणुकीपासून खर्च निरीक्षक, भरारी पथके, नाक्यांवरील स्थिर पथके, चित्रीकरण पथके आणि उमेदवाराच्या खर्चाची समांतर नोंदवही अशी यंत्रणा उभी राहिली. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत रोकड, दारू, अमली पदार्थ व मौल्यवान वस्तू मिळून 3,400 कोटी रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जप्त झाला. तमिळनाडूत आयोगाने यापुढचेही पाऊल उचलले. एप्रिल 2017 मध्ये चेन्नईतील आर. के. नगरची पोटनिवडणूक रद्द झाली. वेल्लोर मतदारसंघातील लोकसभेची निवडणूक 2019 मध्ये मतदानाला दोन दिवस असताना रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घेतली गेली.

स्थानिक निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद 243-के आणि 243-झेडए नुसार त्या राज्य निवडणूक आयोगाच्या अधीक्षणाखाली होतात. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका (2006) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाच्या तोडीचे आहेत. कागदावर तोड आहे, मनुष्यबळात नाही. राज्य आयोगाला कर्मचारी राज्यपालांमार्फत, म्हणजे व्यवहारात राज्य शासनाकडूनच मिळतात.

वाराणसीचेच उदाहरण पाहा. मार्च 2022 मध्ये विधानसभेच्या मतमोजणीपूर्वी तेथे प्रशिक्षणासाठी नेल्या जाणाऱ्या मतदान यंत्रांवरून वाद पेटला. तेव्हा भारत निवडणूक आयोगाने मतमोजणीवर लक्ष ठेवण्यासाठी बिहारच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना विशेष अधिकारी म्हणून वाराणसीला पाठवले. बाहेरचा अधिकारी जास्त प्रामाणिक असतो असे नाही. पण त्याची पुढची बदली आणि बढती त्या जिल्ह्यातल्या कोणाच्या हातात नसते. त्याच वाराणसीत महानगरपालिकेची निवडणूक असते तेव्हा प्रेक्षक राज्याच्याच सेवेतला असतो. निवडणूक संपल्यावर तो त्याच शासनाच्या एखाद्या विभागात परत जातो.

ही अडचण सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या प्रकरणात अगदी वरच्या पातळीवर ओळखली. गोव्यात राज्याच्या विधी सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त भार दिला होता. 12 मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने ते अमान्य केले. शासनाच्या नोकरीत असलेली व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त असू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आयुक्ताला लागू होणारे हे तत्त्व निरीक्षकांना किती लागू करायचे, हा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेला नाही.

4. उमराणे आणि खोंडामळी: उघड्यावर झालेला लिलाव

जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्रात 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. अर्ज भरण्याची मुदत 30 डिसेंबर 2020, माघारीची मुदत 4 जानेवारी, मतदान 15 जानेवारी आणि मतमोजणी 18 जानेवारी असा कार्यक्रम होता. याच काळात नाशिक जिल्ह्यातील उमराणे (ता. देवळा) आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांतून चित्रफिती पसरल्या. गावकरी जमले आहेत, बोली पुकारली जात आहे आणि बोली लागली आहे ती सरपंचपदावर. उमराण्यात 2 कोटी 5 लाख आणि खोंडामळीत 42 लाख रुपयांपर्यंत बोली गेल्याचे वृत्त आले. पैसा गावातल्या मंदिरासाठी वापरायचा होता.

राज्य निवडणूक आयोगाने जिल्हाधिकारी, निवडणूक निरीक्षक आणि महसूल अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवले. मतदानाच्या तोंडावर राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही ग्रामपंचायतींची संपूर्ण निवडणूक प्रक्रिया रद्द केली. गैरवाजवी प्रभावाविषयीच्या कलम 171-क किंवा अन्य लागू तरतुदींखाली गुन्हे दाखल करण्याच्याही सूचना दिल्या.

हा निर्णय धाडसी होता आणि योग्यही होता. तरीही टीकाकाराने येथे थांबू नये. या प्रकरणातून पुढील गोष्टी दिसतात.

(अ) व्यवहार मतदानापूर्वीच पुरा झाला. 'कत्तलीची रात्र' म्हणून ओळखली जाणारी आदली रात्र निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर असते. येथे त्या रात्रीची गरजच उरली नव्हती. अर्ज भरणे आणि माघार यांच्या दरम्यानच्या दिवसांत गावाने एकगठ्ठा सौदा केला. मत विकले जाण्याआधी मतदानाची संधीच विकली गेली.

(आ) खर्चाचा हिशेब स्वच्छ राहिला असता. 15 ते 17 सदस्यांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला 50 हजार रुपयांची खर्चमर्यादा होती. उमराण्याची बोली या मर्यादेच्या 410 पट. तरीही निवडणूक बिनविरोध झाली असती तर उमेदवाराचा प्रचारखर्च जवळजवळ शून्य दिसला असता. खर्च निरीक्षकाने नोंदवही कितीही बारकाईने तपासली असती, तरी त्याला चूक सापडली नसती.

(इ) प्रकरण उघडकीस आले ते चित्रफितींमुळे. निरीक्षकाचा अहवाल नंतर मागवला गेला. गावातल्याच कोणीतरी मोबाईल उंच धरला नसता तर? ज्या गावांत बोली बंद खोलीत लागली असेल, तेथे निरीक्षकाला काय दिसले असते? त्या निवडणुकीत सुमारे दीड हजार ग्रामपंचायतींत मतदानाची वेळच आली नाही. त्यांतल्या बहुतेक गावांत खरा एकोपा असेलही. मुद्दा असा की एकोपा आणि सौदा यांतला फरक शोधण्याची कोणतीही नेमून दिलेली पायरी प्रक्रियेत नव्हती.

(ई) पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, देवाच्या कामाला गेला, असे समर्थन येथे होते. गावातल्या अनेकांना ते मनापासून पटलेले असते. 'नाहीतरी पैसे उधळले जाणारच, मग गावाच्या उपयोगी का पडू नयेत?' हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, त्याला उत्तर द्यायला हवे. उत्तर असे की बोलीत ज्याला भाग घेता येत नाही त्याचा उभे राहण्याचा हक्क मंदिराच्या नावाखाली गेला. भूमिहीन मजूर, एकटी बाई, गावकीत ज्याचे चालत नाही तो, यांना मतपत्रिकेवर जेवढी किंमत असते तेवढी लिलावात नसते. शिवाय दोन कोटी मोजणारा माणूस पाच वर्षांच्या कारभाराकडे कोणत्या नजरेने पाहील, हेही उघड आहे.

या समर्थनाला शासनव्यवस्थेनेच बळ दिले, हेही मान्य करायला हवे. गुजरातमध्ये 2001 पासून 'समरस' योजनेखाली बिनविरोध पंचायतींना प्रोत्साहन अनुदान मिळते. महाराष्ट्रातही 2021 च्या निवडणुकीच्या वेळी काही आमदारांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना विकासनिधी जाहीर केला होता. सार्वजनिक कामाच्या आश्वासनाला असलेला अपवाद अशा घोषणांच्या आड उभा राहतो. मतदान टाळण्यासाठी शासनाने दिलेला निधी चांगला आणि गावातल्या धनिकाने दिलेला पैसा वाईट, हा भेद कायद्याला समजतो. गावकऱ्याला तो समजावून सांगणे अवघड जाते.

5. वाराणसी: किरकोळ आणि घाऊक

वाराणसी जिल्ह्यात स्थानिक निवडणुकीची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. शहरात महानगरपालिका आहे. 2023 मध्ये तिचे 100 प्रभाग होते आणि महापौर थेट जनतेतून निवडला गेला. मतदान 4 मे रोजी झाले. ग्रामीण भागात चिरईगाव, चोलापूर, हरहुआ, पिंडरा, बडागाव, सेवापुरी, आराजीलाइन आणि काशी विद्यापीठ असे आठ विकासखंड आहेत. 19 एप्रिल 2021 रोजी तेथे ग्रामप्रधान, ग्रामपंचायत सदस्य, क्षेत्र पंचायत सदस्य आणि जिल्हा पंचायत सदस्य या चार पदांसाठी एकाच वेळी मतदान झाले.

ग्रामप्रधान आणि महापौर थेट निवडले जातात. तेथे मतखरेदी झालीच तर ती किरकोळ असते. मतदार हजारो किंवा लाखो असतात, प्रत्येकाची किंमत थोडी असते आणि वाटप करताना हात अनेक लागतात. निरीक्षकाच्या पथकाला यातले काहीतरी सापडण्याची शक्यता असते.

जिल्हा पंचायत अध्यक्ष आणि क्षेत्र पंचायत प्रमुख यांची निवडणूक वेगळी आहे. त्यांना निवडून आलेले सदस्य निवडतात. वाराणसी जिल्हा पंचायतीत 2021 मध्ये 40 सदस्य होते, म्हणजे बहुमताला एकवीस पुरेत. शिवाय उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, त्यामुळे सदस्याने बाजू बदलली तर पक्षांतरबंदीचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा पक्षचिन्हावर होतात आणि स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेचा 1986 चा कायदाही आहे. तरी अध्यक्षनिवडीपूर्वी सदस्यांना 'सहलीला' नेण्याची रीत येथेही सर्वांना ठाऊक आहे.

2021 मध्ये उत्तर प्रदेशातील 75 जिल्हा पंचायत अध्यक्षांपैकी 22 बिनविरोध निवडून आले. वाराणसीही त्यांत होती. 825 क्षेत्र पंचायत प्रमुखांपैकी 349 बिनविरोध ठरले. या आकड्यांवरून कोणी पैसे दिले वा घेतले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. बिनविरोध निवडीला अनेक कारणे असतात: अर्ज छाननीत बाद होणे, सत्तेचे वजन, दबाव, खरी सहमती. निष्कर्ष निघतो तो देखरेखीविषयी. जेथे मतदार सर्वांत कमी आणि म्हणून प्रत्येक मताचे मोल सर्वांत जास्त, तेथे प्रक्रिया सर्वांत कमी काळ उघड्यावर असते. अर्ज, छाननी, माघार आणि निवड हे सारे थोडक्या दिवसांत आटोपते. निरीक्षक मतदान आणि मोजणी पाहायला येतो, आणि पाहण्यासारखे मतदानच उरलेले नसते. येथे 'प्रेक्षक' हा शब्द मराठी अर्थानेसुद्धा अपुरा पडतो, कारण प्रयोग पडद्याआड होऊन गेलेला असतो.

6. मुंबईचे दोन अभ्यास आणि एक आक्षेप

आतापर्यंत आपण 'पैसे दिले म्हणजे मत विकत घेतले' हे गृहीत धरले. त्याला अभ्यासकांनी आव्हान दिले आहे. लिसा ब्यॉर्कमन यांनी मुंबई महानगरपालिकेच्या 2012 च्या निवडणुकीचा वस्त्यांमध्ये राहून अभ्यास केला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी दाखवले की निवडणुकीत फिरणारा पैसा बाजारातल्या किमतीसारखा वागत नाही. तो कार्यकर्त्यांच्या जाळ्यातून फिरतो, संबंध जोडतो आणि उमेदवाराची पोच व ताकद दाखवतो. सायमन शोशार यांचा 2018 मधील लेखही मुंबईच्या निवडणुकांवर आहे. पैशाने मत मिळेलच याची खात्री उमेदवारांना नसते, तरी ते वाटतात. समोरचा वाटतो म्हणून आपण वाटले नाही तर शर्यतीबाहेर जाऊ, ही भीती त्यामागे असते.

हे अभ्यास खरे मानले तर निरीक्षकाची गरजच संपते का? मला तसे वाटत नाही. उलट शोशार यांच्या निष्कर्षातून निरीक्षकासाठी एक चांगला युक्तिवाद मिळतो. सगळेच केवळ एकमेकांच्या भीतीने वाटत असतील, तर कोणालाच वाटता येणार नाही असा विश्वास निर्माण करणारा तिऱ्हाईत सर्वांना हवासा वाटेल. निरीक्षकाचे खरे काम पाकिटे पकडणे एवढेच नाही. समोरच्यालाही हे करता येणार नाही, अशी खात्री प्रत्येक उमेदवाराला देणे हे त्याहून मोठे काम आहे. त्यासाठी तो दिसला पाहिजे, लवकर आला पाहिजे आणि निःपक्ष वाटला पाहिजे.

मात्र मुंबईचे निष्कर्ष गावाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. महानगरात मत गुप्त राहते, म्हणून पैसे घेऊनही मतदार मोकळा असतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात आणि प्रभागातले मतदार काही शेकड्यांत मोजता येतात. मोजणी प्रभागनिहाय झाली की कोणत्या आळीने कोणाला मत दिले याचा अंदाज संध्याकाळपर्यंत बांधला जातो. मत फुटले तर पुढची पाच वर्षे पाणी, दाखला आणि घरकुलाची यादी यांतून त्याची वसुली होईल ही भीती खरी असते. मतदान केंद्रांची मते एकत्र मिसळून मोजणारे 'टोटलायझर' यंत्र वापरण्याचा प्रस्ताव भारत निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला आणि विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात त्याचा पुरस्कार केला. तो प्रत्यक्षात आलेला नाही. गुप्ततेची ही उणीव कितीही दक्ष निरीक्षक भरून काढू शकत नाही.

7. काय करता येईल?

पहिली सुधारणा वेळेची. निरीक्षकाचे काम निवडणूक कार्यक्रम जाहीर झाल्याच्या दिवसापासून सुरू व्हावे. माघारीची मुदत संपल्यावर एकच अर्ज उरलेल्या प्रत्येक जागेबाबत, माघार घेतलेल्यांना स्वतंत्रपणे भेटून त्याने लेखी अहवाल द्यावा आणि त्यानंतरच निवड जाहीर व्हावी. अध्यक्षांच्या अप्रत्यक्ष निवडीपर्यंत त्याची नेमणूक चालू राहावी.

दुसरी सुधारणा मतदानाची संधी वाचवण्याची. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की स्थानिक निवडणुकीत 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घ्यावी. हा पुरोगामी निर्णय बिनविरोध जागांवर निरुपयोगी ठरतो, कारण तेथे मतदान होत नाही. एकच उमेदवार असला तरी त्या पर्यायाविरुद्ध मतदान घेतले, तर लिलावातली बोली पक्की राहणार नाही. दोन कोटी मोजूनही गावाची गुप्त संमती लागणार असेल तर बोली लावणारा दहादा विचार करेल. खर्च वाढेल हा आक्षेप रास्त आहे. पण विकल्या गेलेल्या पाच वर्षांची किंमत त्याहून मोठी आहे.

तिसरी सुधारणा स्वातंत्र्याची. निरीक्षक किमान दुसऱ्या महसुली विभागातला असावा, त्याची निवड आयोगाने स्वतः करावी आणि त्याचा अहवाल निकालानंतर ठराविक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. आज अहवाल फाइलीत राहतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणुकीला दिवाणी न्यायाधीशांपुढे आव्हान देण्याची मुदत निकालापासून अवघी 15 दिवसांची आहे. तेवढ्यात सामान्य मतदाराने पुरावा कोठून आणायचा?

या सूचनांमधला धोकाही सांगितला पाहिजे. प्रत्येक सहमतीकडे संशयाने पाहणारा निरीक्षक गावाला नकोसा होईल. शिवाय निवडणूक रद्द करणे ही सामूहिक शिक्षा आहे. बोली लावणारे मूठभर असतात, पण कारभार प्रशासकाकडे जातो तो सगळ्या गावाचा. म्हणून रद्द करण्याचा अधिकार आयोगाकडेच राहावा. निरीक्षकाकडे चौकशीचा आणि नोंदीचा अधिकार असावा आणि गुन्हेगारी जबाबदारी व्यक्तींवर ठेवावी.

8. समारोप

उमराणे आणि खोंडामळीत आयोगाने जे केले ते दिलासा देणारे आहे, पण ते चित्रफितीमुळे घडले, यंत्रणेमुळे नाही. वाराणसीसारख्या जिल्ह्यात वरच्या पायरीवरची निवड मतदानाविनाच पार पडू शकते आणि प्रेक्षकाला पाहण्यासारखे फारसे उरत नाही. मतखरेदीवरचा उपाय म्हणून आपण आणखी निरीक्षक, आणखी गाड्या, आणखी पथके मागतो. त्याआधी ते कोणत्या दिवशी पोहोचतात आणि परत कोणाकडे जातात, हे विचारायला हवे. ज्या बाईला लिलावात बोली लावता आली नाही, तिच्या हातात उरलेली एकमेव गोष्ट म्हणजे मतपत्रिका. ती तिच्या हातात पोहोचेल एवढे पाहणे, हे निरीक्षकाचे पहिले काम आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. 'निवडणूकविषयक हक्क' या संज्ञेत उमेदवारी मागे घेण्याचा समावेश का महत्त्वाचा आहे? सरपंचपदाच्या लिलावाच्या संदर्भात स्पष्ट करा.

2. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष स्थानिक निवडणुकांतील मतखरेदीच्या स्वरूपात कोणता फरक पडतो? देखरेखीवर त्याचा काय परिणाम होतो?

3. बिनविरोध निवडणुकीला शासकीय प्रोत्साहन द्यावे का? दोन्ही बाजू मांडून आपले मत सांगा.

4. आपल्या गावात किंवा प्रभागात झालेल्या गेल्या स्थानिक निवडणुकीत किती जागा बिनविरोध झाल्या, याची माहिती मिळवा. त्या जागांवर किती अर्ज दाखल झाले होते आणि किती मागे घेतले गेले, याचा तक्ता तयार करा.